बाकावरचा तिसरा

२० नोव्हेंबर १९६१, सोमवार. सकाळी साडेदहाला यवतमाळच्या आमच्या कॉलेजच्या कचेरीत मी दुसऱ्या टर्मची फी म्हणून चोपन्न रुपये भरले. हजर माणसे चार: खिडकीमागचा कारकून, मी, माझा खोलीतला जोडीदार, आणि आमच्या मागे उभा असलेला एक मुलगा, जो मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

माझे चोपन्न रुपये बहुतेक एकेकाच्या नोटांत होते. वडील दारव्ह्याच्या कापूस बाजारात मापारी होते. त्यांची मजुरी सुट्या पैशांत यायची आणि सुट्या पैशांतच माझ्याकडे यायची. नोटा उभ्या घडीच्या असत, कारण वडील त्या टोपीच्या दुमडीत ठेवत. कारकुनाने त्या दोनदा मोजल्या. जोडीदाराने आपले चोपन्न दिले. मग त्या मुलाने शंभराची नोट पुढे केली. त्याची फी प्रवेश धरून अठ्ठ्याऐंशी झाली.

"आता बारा रुपये कोठून आणू?" कारकून म्हणाला, आणि लगेच माझ्याच नोटांच्या चळतीतून बारा नोटा काढून त्याने त्या मुलाला दिल्या. त्या मुलाने त्या न मोजता टेरिलिनच्या शर्टाच्या खिशात टाकल्या. वडिलांच्या बारा घड्या त्या पांढऱ्या कापडातून दिसत होत्या. त्याने काहीच वाईट केले नव्हते. तरी माझे त्याच्याशी तेव्हापासून जमले नाही.

जोडीदाराला मात्र तो तिथल्या तिथे आवडला.

"कोठून आला बे तू?"

"नागपूरहून. बाबांची बदली झाली ना इकडे. फिजिक्सचा वर्ग कुठे आहे यार?"

"चाल ना आमच्यासंगं. आमीबी तिकडंच जाऊन राह्यलो."

आमच्यासंगं म्हणाला, पण व्हरांड्यातून ते दोघे पुढे आणि मी मागे, असे आम्ही चाललो.

माझ्या जोडीदाराबद्दल सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळणार नाही. त्याचे वडील त्याच बाजारात एका आडतीवर दिवाणजी होते. माझे वडील काट्यावर वजन पुकारत आणि त्याचे वडील ते वहीत लिहीत. आम्ही दोघे कापसाच्या गंज्यांवर उड्या मारत वाढलो, मॅट्रिक एकत्र झालो आणि अरुंद रुळांच्या छोट्या गाडीने दोन पेट्या घेऊन एकत्रच यवतमाळला आलो. खोलीचे भाडे दहा रुपये होते, पाच त्याचे आणि पाच माझे. घरून मला महिन्याला पंचवीस यायचे. त्यात पाच भाडे, बाकी धान्य, रॉकेल, कागद. भाडे दहा झाले असते तर महिना पुरा झाला नसता. दिवाळीनंतर नवा जोडीदार मिळत नाही, ज्याची त्याची सोय जूनमध्येच लागलेली असते. म्हणजे तो होता म्हणून मी कॉलेजात होतो. ही गोष्ट त्याला माहीत होती की नाही, मी कधी विचारले नाही.

फिजिक्सच्या वर्गात पायऱ्या-पायऱ्यांचे बाक होते. पहिली टर्म आम्ही दोघे डावीकडच्या तिसऱ्या बाकावर बसलो होतो. बाक तिघांचा, पण तिसरी जागा रिकामी असायची, तिथे आमच्या वह्या असत. त्या सोमवारी जोडीदाराने वह्या उचलून माझ्या मांडीवर ठेवल्या आणि त्या मुलाला म्हणाला, "बस." नवीन टर्मचा पहिला तास म्हणजे उष्णतेचे प्रकरण. सर काय म्हणाले ते मी लिहून घेतले, वही अजून असती तर दाखवली असती. लक्षात राहिले ते जोडीदाराचे कोपर. सरांनी काही गमतीचे केले की तो मला कोपराने ढोसायचा, ही त्याची पहिल्यापासूनची सवय. त्या दिवशी सरांनी खडू समजून पेन्सिल फळ्यावर घासली. कोपर हलले, पण पलीकडच्या बाजूला.

गणिताला नवे प्राध्यापक आले होते, वयाने लहान, बोलायला भरभर. त्यांनी कॅल्क्युलस सुरू केले आणि अर्ध्या तासात फळ्यावर एक उदाहरण टाकून "कोण सोडवतो?" म्हणाले. पहिल्या टर्मला असे कोणी विचारले की वर्ग माझ्याकडे पाहायचा. गणितात माझे गुण सर्वांत जास्त होते, हे मी फुशारकीने सांगत नाही, ते फलकावर लावलेल्या निकालाच्या कागदावर होते. मी वहीत तिसऱ्या ओळीपर्यंत पोचलो होतो. तेवढ्यात तो मुलगा उठला, फळ्याशी गेला आणि चार ओळींत मोकळा झाला. सर म्हणाले, "वा." नागपूरला हा भाग आधीच झाला होता, असे त्याने स्वतःच सांगितले. ते त्याने सांगायला नको होते. न सांगता बसला असता तर निदान लबाड तरी म्हणता आले असते.

खोलीवर जाऊन मी त्याची रीत पुन्हा करून पाहिली, कुठे चूक सापडते का म्हणून. सापडली नाही. माझ्या रीतीपेक्षा ती आखूड होती.

इंग्रजीच्या सरांनी प्रत्येकाला उभे करून स्वतःविषयी बोलायला लावले. मी एक वाक्य बोललो, त्यात माझे गाव आणि माझा विषय होता. जोडीदार दोन वाक्ये बोलला. तो मुलगा बोलला ते ऐकायला मुलींच्या बाकावरच्या तिघीही मागे वळल्या. रसायनशास्त्राच्या तासाला कसल्याशा वायूने सगळे खोकू लागले तेव्हा त्याने इस्त्रीचा रुमाल काढला आणि जोडीदाराला दिला. जोडीदाराने नाक पुसून तो आपल्या खिशात ठेवला, परत दिला नाही, आणि त्यानेही मागितला नाही. एकमेकांचे रुमाल ठेवून घ्यायला आम्हाला दहा वर्षे लागली होती. ह्याला एक दिवस लागला.

पहिल्या आठवड्याच्या वर्गांची माझी आठवण अशी आहे. शिकवणे चांगले होते, माझे लक्ष मात्र बाकावरच्या तिसऱ्या जागेकडे होते.

शनिवारी फिजिक्सचे प्रॅक्टिकल. सरांनी सांगितले, दोघादोघांनी एक टेबल घ्या, वार्षिक परीक्षेपर्यंत हीच जोडी राहील. मी जोडीदाराकडे पाहिले. तो त्या मुलाकडे पाहत होता. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "सर, आमी तिघं राह्यलो तर?" मुलांची संख्या विषम होती, एक टेबल तिघांचे करावेच लागणार होते. सर हो म्हणाले. मला वाटले, वाचलो.

प्रयोग असा होता: पितळेचा तुकडा वाफेत तापवायचा, पाण्यात टाकायचा, पाणी किती तापले ते पाहायचे आणि त्यावरून पितळेची विशिष्ट उष्णता काढायची. पाणी तांब्याच्या एका छोट्या भांड्यात घ्यायचे. आधी रिकाम्या भांड्याचे वजन, मग पाण्यासकट वजन. जोडीदाराने वाफेचे भांडे आणि थर्मामीटर सांभाळला, त्या मुलाने वही घेतली, आणि काटा माझ्याकडे आला. "त्याले देजा काटा, त्याच्या घरचाच धंदा हाये," जोडीदार म्हणाला. हे त्याने कौतुकाने म्हटले होते, आणि मला बरेही वाटले. काचेच्या पेटीतला तो तराजू मी चिमट्याने वजने ठेवून असा जुळवला की काटा शून्यावर येऊन गप्प उभा राहिला. शेजारच्या टेबलावरची मुले पाहायला आली.

रिकामे भांडे सेहेचाळीस ग्रॅम भरले, ते मी पुकारले. पाण्यासकट एकशे चौतीस भरले. मी पुकारले, "अठ्ठ्याऐंशी."

आमच्या बाजारात मापारी कधीही पोत्यासकट वजन पुकारत नाही. बारदान्याचे, म्हणजे रिकाम्या पोत्याचे, वजन ठरलेले असते, ते तो मनात वजा करतो आणि निव्वळ मालच तोंडातून काढतो. पोत्यासकटचा आकडा बाहेर पडला तर शेतकरी एक धरून बसतो आणि व्यापारी दुसरा, आणि भांडण मापाऱ्याच्या अंगावर येते. मी सात-आठ वर्षांचा असल्यापासून वडिलांचे हे ऐकत आलो. काट्यासमोर उभा राहिलो की तोंडातून निव्वळच निघते. त्या मुलाला हे कुठून माहीत असणार? त्याने वहीत "भांडे अधिक पाणी" या रकान्यात अठ्ठ्याऐंशी लिहिले, त्यातून सेहेचाळीस पुन्हा वजा केले आणि पाणी बेचाळीस ग्रॅम धरले. उत्तर जे यायला हवे होते त्याच्या निम्मे आले.

सरांनी वही पाहिली. "हे पितळ कुठल्या दुकानातून आणलं? असं पितळ असेल तर मलाही दोन भांडी सांगा."

तो मुलगा गोरामोरा झाला. मला खोटे सांगायचे नाही, त्या क्षणी मला फार बरे वाटले. त्याने आकडेमोड तीनदा तपासली आणि ती तिन्ही वेळा बरोबर आली. सर म्हणाले, "मग वजन कोणी घेतलं?"

तेवढ्यात जोडीदार हसायला लागला. टेबलाला धरून हसला. "सर, ह्यानं बारदाना कापला! ह्याचा बाप मापारी हाये न जी. पोतं आधीच कापून सांगते हा. अन् त्यानं वहीत पुन्हा कापलं!"

सरही हसले. त्यांनी सगळ्या बॅचला बोलावून ती चूक समजावून सांगितली. चूक कशी होते हे कळायला ते उदाहरण चांगले होते, हे आज मी मान्य करतो. त्यानंतर वर्गात मला काही दिवस "बारदाना" म्हणत. "काय बारदाना, जेवला का?" ते मी सोसले. मुले कोणाला ना कोणाला काही म्हणतातच.

सोसले नाही ते वेगळेच. तो मुलगा रागावला नाही. वही मिटून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "म्हणजे तुझे वडील मनातल्या मनात वजा करतात? प्रत्येक पोत्याला? मला एकदा घेऊन चल ना यार बाजारात. मला पाहायचं आहे." त्याला खरोखर पाहायचे होते. माझी फजिती त्याला माझ्यापेक्षा जास्त उपयोगी पडली.

दोन दिवसांनी तो मला म्हणाला, "तुझे वडील पहिलं पोतं देवाचं नाव घेऊन मोजतात म्हणे? आई फार हसली ऐकून. चांगल्या अर्थानं." हे त्याला मी सांगितले नव्हते. म्हणजे जोडीदार त्या मुलाच्या बंगल्यावर जेवायला गेला होता आणि तिथे जेवताना माझ्या वडिलांचे वर्णन करून आला होता. तो बंगल्यावर जेवला त्या दिवशी खोलीवर माझा स्वयंपाकाचा वार होता. मी दोघांच्या भाकरी थापल्या होत्या. तो आला आणि म्हणाला, "मी जेवून आलो बाप्पा." भाकरी झाकून ठेवली, दुसऱ्या दिवशी सकाळी मीच खाल्ली.

"काय होतं बंगल्यावर?" मी विचारले.

"पुरी होती. खीर होती. तुलेबी बोलावते ते. तूच येत नाही."

"मले काहून बोलावतील?"

"काहून म्हणजे? माणूस माणसाले बोलावते."

त्याच्याजवळ उत्तर होते, आणि ते बरोबर होते. मला बोलावणे दोनदा आले होते. मी दोन्ही वेळा अभ्यास आहे म्हणालो होतो. पण मला बोलावणे नको होते. मला हवे होते की जोडीदाराने जाऊ नये.

डिसेंबर लागला. थंडी पडली, कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यांतून सरकीचा वास गावभर येऊ लागला. नवा मुलगा सायकलवर यायचा, आणि परत जाताना कॅरियरवर माझा जोडीदार असायचा. खोली कॉलेजपासून जवळ होती, बंगला लांब. सायकल खोलीच्या दारावरून पुढे जायची. जोडीदार जाताना मला हात करायचा.

१० डिसेंबरला, रविवारी सकाळी, आम्ही विहिरीवर कपडे धूत होतो. त्याने एकच शर्ट बराच वेळ आपटला.

"एक सांगू?"

"सांग."

"त्याच्या बंगल्यामागं एक खोली रिकामी हाये. त्याची आई म्हणते, इकडंच राहा म्हणून. त्याले केमिस्ट्री जमत नाही, मले गणित जमत नाही. दोघांचंबी होईल."

"भाडं?"

"भाडं कायचं बे."

"गणित मलेबी जमते," मी म्हणालो.

"तू शिकवतं ते मले समजत नाही. तू लवकर चिडतं."

हे खरे होते का? मी पुष्कळदा विचार केला आहे. पहिल्या टर्मला मी त्याला शिकवले होते, आणि चिडलोही होतो. पण त्याला समजत नाही, हे त्याने तेव्हा मला सांगितले नव्हते. तसे त्या मुलाला त्याने सांगितले असणार.

"मग जा," मी म्हणालो.

"तू राग मानून राह्यला."

"मी कपडे धुऊन राह्यलो."

दुपारी तो मुलगा सायकल घेऊन आला. पेटी कॅरियरवर बांधली. वातीचा स्टोव्ह आम्ही दोघांनी मिळून घेतला होता, तो जोडीदाराने माझ्याकडे ठेवला, बंगल्यावर त्याची गरज नव्हती. जाताना तो मुलगा दारात थांबून म्हणाला, "तूही येऊन राहिला असता तर बरं झालं असतं यार, पण खोली लहान आहे." तो चांगला मुलगा होता. चांगला नसता तर माझे पुष्कळ दुःख वाचले असते.

ते गेल्यावर मी बसून पाहिले. पंचवीसमधून दहा गेले तर पंधरा उरतात, आणि पंधरात मार्चच्या परीक्षेपर्यंत निभत नाही. वडिलांना लिहिले असते तर त्यांनी कुठून तरी पाठवलेही असते, पण मग जोडीदार का गेला हे लिहावे लागले असते, आणि त्याचे वडील रोज त्यांच्या शेजारी बसत. मी लिहिले नाही. गावाबाहेरच्या एका जिनिंगमध्ये दारव्ह्याचा एक मुकादम होता, वडिलांना ओळखणारा. त्याच्याकडे गेलो.

"काटा धरता येते?" त्याने विचारले.

"येते."

"निव्वळ पुकारजो. पोत्यासकट पुकारशीन तर माह्या डोक्याले ताप होते."

हंगामात जिनिंग रविवारीही चालू असायचे. रोजचे सव्वा रुपये ठरले. १७, २४ आणि ३१ डिसेंबर, तीन रविवार मी काट्यावर उभा राहिलो. किलो नुकतेच आले होते. मुकादम शेरांत विचार करायचा आणि मी किलोंत सांगायचो, तेवढी कुरबूर सोडली तर काम सोपे होते. कापसाचे तंतू नाकात जाऊन सोमवारी फिजिक्सच्या तासाला मी शिंकत असे. तिसऱ्या बाकावरून मी उठलो होतो, पाचव्या बाकावर एकटा बसायचो. तिथून त्या दोघांची डोकी दिसत. एक डोके दुसऱ्याकडे कलले की सर काहीतरी गमतीचे बोलले, असे मी समजायचो आणि मगच सरांकडे पाहायचो. प्रॅक्टिकलचे टेबल तिघांचेच राहिले. मी काटा धरायचो आणि भांड्यासकट वजन पुकारायचो. तो मुलगा प्रत्येक वेळी नम्रपणे विचारायचा, "सकट ना?" मी "सकट" म्हणायचो. आमचे बोलणे एवढेच.

३१ तारखेला संध्याकाळी मी जिनिंगमधून परत आलो तेव्हा दोघेही खोलीच्या दारात उभे होते. जोडीदाराच्या हातात पाचाची नोट होती.

"डिसेंबरचा माझा हिस्सा," तो म्हणाला.

"तू दहा तारखेला गेला."

"मग काय झालं? महिना माझाच होता ना."

"दहा दिवस तुझे. एकवीस माझे." मी मनात हिशोब केला. पाच रुपयांचे एकतीस भाग, त्यांतले दहा. "एक रुपया एकसष्ट नये पैसे होतात. तेवढे घेईन."

"अबे ठेव ना बे पाच! असा काय करतं? मी काय परका हाये?"

"परका नाही म्हणूनच बरोबर घेऊन राह्यलो."

त्या मुलाने खिशातले पेन काढून तळहातावर भागाकार केला. "एक एकसष्टच येतात," तो जोडीदाराला म्हणाला, "बरोबर आहे त्याचं." जोडीदाराने त्याच्या तळहाताकडे पाहिले आणि मग मान्य केले. मी सांगितले तेव्हा केले नव्हते.

मी आत जाऊन तीन रुपये एकोणचाळीस पैसे आणले आणि त्याच्या हातावर ठेवले. तो ते घेऊन उभाच राहिला. म्हणाला, "गणिताचा पेपर सोपा गेला तर तुलेच आधी सांगीन." मी बरे म्हणालो. मग तो कॅरियरवर बसला, आणि सायकल वळणापर्यंत गेलेली मी पाहिली.

घरमालकीण समोरच्याच घरात राहायच्या. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. त्या म्हशीला पेंड घालत होत्या. मी पैसे पुढे केले तेव्हा त्यांनी हात पुसला.

"दुसरा पोरगा गेला न तुझा? मी पाह्यलं पेटी जातानी. मग पाचच दे बाबा. एकट्या पोराकडून दहा कशी घेऊ?"

"खोली पूर्ण आहे मावशी. भाडंही पूर्ण घ्या."

"अर्ध्या खोलीत कोणी दुसरा आला तर?"

"कोणी येणार नाही."

पाच दिले असते तर जोडीदाराची अर्धी खोली तिथे रिकामी राहिली असती आणि मला ती रोज दिसली असती. हे मावशींना सांगण्यासारखे नव्हते. मी पैसे त्यांच्या हातात ठेवले. त्यांत एक रुपया एकसष्ट त्याचे होते, पाच रुपये घरून आलेले, आणि तीन रुपये एकोणचाळीस जिनिंगच्या रविवारांचे. त्यांनी ते पदराच्या गाठीत बांधले. डिसेंबर १९६१ चे भाडे, एकूण दहा रुपये, मावशींना पोचले.